रोज बायबल वाचायचंय, पण टिकत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर अहिल्यानगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे आमच्या घरात दोन बायबल आहेत, एक जाड आणि दुसरं त्याहून जाड. गेली काही वर्षं आम्ही दहा-बारा बायका आठवड्यातून एकदा वाचायला बसतो. खालचे प्रश्न तिथेच पुन्हापुन्हा निघालेले आहेत. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. माझी स्वतःची सवय तीनदा मोडली आणि चौथ्यांदा लागली, एवढ्याच अधिकारावर उत्तरं देते आहे.

सुरुवात कुठून करू? पहिल्या पानापासून?

पहिल्या पानापासून निघालेल्यांचं काय होतं ते हिशेबानेच बघा. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० वाचून होईपर्यंत २८ जानेवारी उजाडते आणि तुम्ही लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या दारात उभे असता. तिथे होमार्पणं, चरबी, गुरदे, कातडीवरचे चट्टे, मग घराच्या भिंतीवरचे चट्टे. एक तारखेचा उत्साहही नेमका तेव्हाच संपलेला असतो. माझ्या पहिल्या बायबलमध्ये खुणेची रिबन कितीतरी वर्षं लेवीयच्या चौथ्या अध्यायातच होती. लेवीय वाईट पुस्तक आहे असं नाही, पण ते ओळखपाळख झाल्यावर वाचायचं.

मार्कपासून सुरू करा. अध्याय १६, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं. सलग मोठ्याने वाचलं तर दीडेक तासात संपतं. मार्कला गोष्ट सांगायची भारी घाई. ‘लगेच’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्याने चाळीसेक वेळा वापरलाय. जन्मकथा नाही, वंशावळ नाही. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा, अरण्य, जाळी टाकून निघालेले चार कोळी, सभास्थानातला आरडाओरडा, पेत्राच्या सासूचा ताप आणि कुष्ठरोगी, एवढं सगळं होऊन जातं. त्यानंतर लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये वाचा, कारण ती एकाच लेखकाची दोन पुस्तकं आहेत. मग उत्पत्तीकडे जा. या सगळ्याच्या जोडीला अधूनमधून एखादं स्तोत्र.

रोज किती वाचायचं? एक अध्याय पुरे का?

अध्याय हे माप लेखकांनी दिलेलं नाही. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी पाडले, आणि नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाला, वचनांचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. सोय उत्तम झाली, पण काही ठिकाणी सुरी चुकीच्या जागी फिरली. यशयाचा ५३ वा अध्याय आपण शुभशुक्रवारी वाचतो, ते गाणं खरं तर ५२ व्या अध्यायाच्या १३ व्या वचनापासून सुरू होतं. म्हणून मोजमाप प्रसंगाचं ठेवा. एक दृष्टांत, एक भेट, एक स्तोत्र. कधी ती आठ वचनं असतील, कधी साठ.

नव्या करारातल्या पत्रांची गोष्ट वेगळी. कुणाचं पत्र आलं तर आपण रोज एक परिच्छेद वाचून ते घडी घालून ठेवतो का? फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतं. आधी एका बैठकीत सगळं वाचा आणि मग पुढचे पंधरा दिवस त्याच पत्रात फिरत राहा.

जास्त वाचण्याच्या योजनाही आहेत. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला होता. रोज साधारण चार अध्याय, म्हणजे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. तो तक्ता आजही लोक वापरतात. मीही एक वर्ष वापरला. पूर्ण केला, खुणा केल्या, आणि डिसेंबरात कुणी विचारलं असतं की ‘हबक्कूक संदेष्टा काय म्हणतो?’ तर मला सांगता आलं नसतं.

सकाळी उठूनच वाचायला हवं का?

नाही. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला जातो हे खरं, पण ६३ व्या स्तोत्रातला माणूस अंथरुणावर पडल्यापडल्या, रात्रीच्या प्रहरी देवाचं चिंतन करतो. पहाटे चारला उठून डबे भरणाऱ्या बाईला ‘अजून अर्धा तास लवकर उठ’ असं सांगणाऱ्यांनी आधी तो डबा भरून दाखवावा. आमच्या गटातली एक जण विरार लोकलमध्ये वाचते, एक जण कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. वेळ कुठलीही चालेल, फक्त रोजच्या एखाद्या कामाला ती बांधून टाका, म्हणजे ‘आज कधी वाचू?’ हा प्रश्नच उरत नाही.

मराठीत इतकी भाषांतरं आहेत. कोणतं घेऊ?

इथे जरा थांबते, कारण बहुतेकांची सवय याच ठिकाणी अडते आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

पंडिता रमाबाईंना कलकत्त्यात कुणीतरी संस्कृत बायबल भेट दिलं. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाई, पण त्या बायबलमधली भाषा त्यांना इतकी परकी वाटली की ते वाचणं म्हणजे वेळेचा अपव्यय असं त्यांचं मत झालं. पुढे लग्नानंतर सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं, बंगालीतलं. ते मात्र त्यांनी आवडीने वाचलं. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या, फार न शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत आणायचं हा त्यांचा हट्ट होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या बायकांनी केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

मराठीत त्याआधीही बायबल होतंच. सेरामपूरहून विल्यम केरींचा नवा करार १८११ मध्ये छापून आला होता. आज प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ वाचतात, सोप्या भाषेतलं भाषांतरही मिळतं. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ तर ख्रिस्ती नसलेल्या वाचकांच्या कपाटातही दिसतं.

माझं म्हणणं असं, की रोजच्या वाचनाला असं भाषांतर घ्या जे तुम्ही न अडखळता मोठ्याने वाचू शकता. दुसरं शेजारी ठेवा, अडलं की बघायला. ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ हे वाक्य लहानपणापासून पाठ असलं तरी ‘आत्म्याने दीन’ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न मला दुसऱ्या भाषांतरात वेगळे शब्द दिसल्यावरच पडला. इंग्रजी शाळेतल्या मुलांनी इंग्रजीतून वाचलं तरी हरकत नाही. पण आजीशी बोलताना मुलं ज्या भाषेत बोलतात, तीतही एकदा वाचू दे. शब्दाचं वजन तिथे कळतं.

कॅथलिक बायबलमध्ये जास्त पुस्तकं का?

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. जुन्या करारात सात पुस्तकं जास्त आहेत, तोबित, यूदिथ, मक्काबी वगैरे, शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये काही भाग. नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. सवय लावण्यापुरता या फरकाने काही अडत नाही. कॅथलिक घरात असाल तर एक फायदा घ्या. मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, रोजचे पाठ आधीच ठरलेले असतात. ‘आज काय वाचू’ हे शोधत बसायला नको, आणि तोच पाठ त्या दिवशी जगभर वाचला जातो.

डोळे ओळींवरून फिरतात, पण मन भलतीकडे. काय करू?

आवाज काढा. खरंच, एवढंच.

पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस ‘मनन’ करतो असं आपण वाचतो आणि डोळ्यांसमोर येतो डोळे मिटून गप्प बसलेला कुणीतरी. मूळ हिब्रू क्रियापद आहे ‘हागा’. त्याचा अर्थ पुटपुटणं, हलक्या आवाजात म्हणत राहणं. यशयाच्या ३१ व्या अध्यायात शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद आलंय, आणि ३८ व्या अध्यायात कबुतराच्या घुमण्यासाठीही. म्हणजे मनन ही तोंडाने करायची गोष्ट होती. प्रेषितांच्या कृत्यांत (८ वा अध्याय) कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. रथाजवळ आलेल्या फिलिप्प या सुवार्तिकाला ते ऐकू कसं आलं? तो मोठ्याने वाचत होता म्हणून.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्या. गद्य लिहिता आलं नसतं असं थोडंच आहे! इथल्या माणसाच्या कानाला पुराण ऐकायची सवय आहे हे त्यांनी ओळखलं होतं. ज्ञानेश्वरी-गाथेचं पारायण ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक असतं की आवाजात वाचलेला मजकूर वेगळ्याच गतीने आत जातो. घरात माणसं झोपलेली असतील तर नुसते ओठ हलवा. माझं मन अजूनही भटकतं, पण आवाज थांबला की मला निदान कळतं तरी.

नुसतं वाचणं आणि ‘अभ्यास’ यात फरक काय? अभ्यास कसा करायचा?

पद्धती पुष्कळ आहेत. बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन मठवासीयाने चार पायऱ्या सांगितल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन. कॅथलिक शिबिरांत अजून त्याच शिकवतात. आपल्याकडच्या श्रवण-मनन-निदिध्यासनाची आठवण होते ना? पण पद्धतीचं वर्णन करण्यापेक्षा एक प्रसंग घेऊन दाखवते. मार्क २:१ ते १२. बारा वचनं.

पहिल्यांदा वाचा तेव्हा फक्त काय लिहिलंय ते बघा. कफर्णहूममधलं घर, दारातही जागा नाही इतकी गर्दी. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, आत जाता येत नाही, वर चढतात, छप्पर उघडतात, बाज खाली सोडतात. ‘त्यांचा विश्वास पाहून’ येशू बोलतो. कोणाचा? त्यांचा. रोग्याने अजून तोंडही उघडलेलं नाही, आणि या बाराही वचनांत तो एक शब्द बोलत नाही. मी हा प्रसंग रविवारच्या शाळेपासून ऐकलाय, चित्रात रंगवलाय, पण हे मला चाळिशीत दिसलं.

दुसऱ्यांदा वाचताना तिथल्या माणसांमध्ये जाऊन उभे राहा. छप्पर कसलं होतं? मार्कमध्ये जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘खणून काढणं’. म्हणजे लाकडी तुळया, वर फांद्या, त्यावर थापलेली माती. आमच्या नगरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, माळवदाचं घर! लहानपणी आजोळी माळवदावर कुणी जोरात चाललं तरी खाली भाकरीच्या पिठात माती पडायची आणि आजी वर बघून ओरडायची. आता त्या घरात चाललेलं प्रवचन आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यावर पडणारी ढेकळं डोळ्यांसमोर आणा. लूक हीच गोष्ट सांगताना (५:१९) कौलं म्हणतो, कारण त्याच्या वाचकांच्या ओळखीची घरं बहुधा कौलारू होती. माझ्या कोकणातल्या मैत्रिणीला लूकचं घर लगेच कळतं, मला मार्कचं. आणि ज्याचं छप्पर गेलं त्या घरमालकाचं काय? त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या गटात त्यावर अर्धा तास चर्चा झाली होती.

तिसऱ्यांदा वाचताना जिथे खटकलं तिथे थांबा. माणूस चालायला यावं म्हणून आलाय आणि येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. हे कुणी मागितलं होतं? शास्त्री मनातल्या मनात चिडतात ते याच वाक्यावर. मग स्वतःला एक साधा प्रश्न. या खोलीत मी कोण आहे? खाटेवरचा, चौघांपैकी एक, दारात वाट अडवून उभी असलेली, की मनात कुरकुरणारी? त्या आठवड्यात मी दारातली होते. लिहून ठेवलं आणि वही मिटली. झाला अभ्यास. वीस मिनिटं लागतात.

‘आजचं वचन’ रोज मोबाइलवर येतं. तेवढं पुरेसं नाही का?

नसण्यापेक्षा बरं. पण एकटं वचन हे घरातून पळवून आणलेल्या पोरासारखं असतं, त्याला आईबाप विचारावेत. आपल्या निम्म्या घरांत कॅलेंडरवर यिर्मया २९:११ असतं, तुमच्या हिताचे संकल्प, भावी आशा वगैरे. परीक्षा, नोकरी, व्हिसा, सगळ्याला ते चालतं. आता त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनापासून वाचा. ते यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलेलं पत्र आहे. आधल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना खूश करून गेलाय, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया कळवतो की घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतीचा दिवस बघणारच नव्हते. ते वचन त्यांना लिहिलेलं आहे.

हे कळल्यावर मी कॅलेंडर काढून टाकलं नाही. उलट ज्या वर्षी घरात काहीच लवकर सुधारणार नव्हतं, त्या वर्षी मला ते वचन पहिल्यांदा उपयोगी पडलं.

काही भाग वाचवत नाहीत. हिंसा, शाप, आणि त्या लांबलचक वंशावळ्या!

शास्ते १९ वाचून मी दोन दिवस बायबल उघडलं नव्हतं. १३७ व्या स्तोत्राचं शेवटचं वचन आजही मी वाचते ते दात आवळूनच. असं वाटणं चूक नाही. बायबल जे सांगतं ते सगळं त्याला मान्यच असतं असं नाही. शास्ते हे पुस्तकच मुळी ‘ज्याला जे बरं वाटे ते तो करी’ अशा तक्रारीवर संपतं. वहीत प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे जा. कुणा जाणत्याला विचारा. फिलिप्पाने कूशी अधिकाऱ्याला विचारलं की वाचतोस ते कळतं का, तर तो सरळ म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार. पाळकांना किंवा फादरना असे प्रश्न विचारले तर ते रागावत नाहीत. रागावलेच तर दुसऱ्या कुणाला विचारा.

वंशावळी मात्र एवढ्या कोरड्या नसतात. कुलवृत्तांत चाळताना आपण ओळखीची नावं शोधतो, तशा वाचा. मत्तयच्या पहिल्या अध्यायात बापांच्या रांगेत मरीयेच्या आधी चार बायका येतात, तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. प्रत्येकीची गोष्ट शोधून काढा. एक महिना सहज जाईल.

मोबाइलवर वाचलं तर चालेल?

चालेल. अवघड जागी, प्रवासात, बारीक अक्षर न दिसणाऱ्यांना तर मोठीच सोय. फक्त वाचताना नेट बंद ठेवा. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात असताना दुधाच्या पिशवीवरच्या सवलतीची सूचना आली की पौलाचं वाक्य पुन्हा सापडत नाही. तसंही ते लांबच असतं.

आठ दिवस खंड पडला. आता कसं भरून काढू?

काढू नका. तारखा छापलेल्या योजनांचा हाच दोष. एक दिवस चुकला की थकलेला हप्ता, आठ दिवस चुकले की बत्तीस अध्यायांचं कर्ज, आणि मग माणूस पुस्तकाला तोंड चुकवायला लागतो. माझी सवय तीनही वेळा याच कारणाने मोडली. चौथ्यांदा मी तारखा खोडल्या. आता एक खूण असते. जिथे आहे तिथून पुढे. कधी चार दिवस बाळंतिणीपाशी जातात, कधी दवाखान्यात. खूण तिथेच वाट बघत असते.

मी ख्रिस्ती नाही. कुतूहल म्हणून वाचलं तर कुणाला राग येईल का?

कुणाला यावा? मराठी कवी ना. वा. टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना त्या पुस्तकाबद्दल ओढ नव्हती, केवळ शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं आणि मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, अडकले. पुढे १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते त्यांचं झालं. गांधीजींना तेच तीन अध्याय तितकेच आवडायचे आणि ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले. तुम्हीही त्या तीन अध्यायांपासून सुरू करा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. त्यांचं काय?

ऐकायची मराठी बायबल मोबाइलवर मिळतात. पण शक्य असेल तर तुम्हीच वाचून दाखवा. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं तेव्हा मी त्यांना रूथ वाचून दाखवलं, नामी या सासूची साथ न सोडणाऱ्या विधवा सुनेची गोष्ट. चार अध्याय, चार संध्याकाळी. सुनेने सासूला रूथच वाचून दाखवावं यात थोडा आगाऊपणा होता, कबूल आहे. पहिल्या संध्याकाळी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते तिथे त्यांनी मला थांबवलं. कापणी झाल्यावर भाताच्या सांडलेल्या लोंब्या वेचायला त्या लहानपणी कुणाच्या शेतात जायच्या, मालक किती मुद्दाम सांडून ठेवायचा, कोण हाकलायचं, हे सगळं निघालं. त्या दिवशी अर्धाच अध्याय झाला. शेवटच्या संध्याकाळी रूथला मुलगा होतो आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला.

“नामीला?” सासूबाई म्हणाल्या. “बाळंत झाली ती पोर, आणि नाव सासूचं? परत वाच ते.”

मी परत वाचलं.